मेल शोधण्यासाठी फोल्डर मोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मट किंवा निओमट (टर्मिनलमध्ये चालणारे मेल वाचण्याचे प्रोग्रॅम) वापरणाऱ्याला जुना मेल सापडेना, की ‘सगळे फोल्डर एकात ओता आणि मग शोधा’ असा सल्ला सर्रास मिळतो. या सल्ल्यापायी वर्षानुवर्षे नीट लावून ठेवलेला पत्रव्यवहार विस्कटतो आणि तो पुन्हा लावणे जवळपास अशक्य असते. त्याची मुळीच गरज नाही, म्हणून हे पत्र.

मट एका वेळी एकच फोल्डर उघडतो. स्लॅश दाबून केलेला शोध असो की ‘एल’ दाबून लावलेली चाळणी, दोन्ही त्या फोल्डरपुरतेच. पाठवणारा, विषय, तारीख यांवरून मेल झटकन मिळतो. टिल्ड-बी (~b) लावून मजकुरात शोधायचे तर मात्र प्रोग्रॅमला एकेक मेल वाचावा लागतो आणि आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवण्याच्या पद्धतीत) तो आधी उतरवूनही घ्यावा लागतो. तिथे टिल्डच्या जागी बरोबरचे चिन्ह (=b) टाकावे, म्हणजे शोधाचे काम सर्व्हर करतो.

सगळे फोल्डर एकदम धुंडाळायला वेगळा इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कोणत्या मेलमध्ये आहे याची सूची, हवा. नॉटमच, म्यू आणि मेअरिक्स ही अवजारे तेवढ्यासाठीच आहेत. नॉटमचला प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल लागते, म्हणजे मेलडिर; सगळे मेल एकाच फायलीत असलेल्या जुन्या एमबॉक्स फायली आधी बदलून घ्याव्यात. सर्व्हरवरचे मेल एमबीसिंक या प्रोग्रॅमने संगणकावर आणावेत, एकदा ‘नॉटमच सेटअप’ करावे आणि नंतर दर वेळी नवे मेल आले की ‘नॉटमच न्यू’. शोधताना फ्रॉम, सब्जेक्ट किंवा डेट लिहून कोलन द्यावा आणि कोलननंतर जागा सोडू नये. तारखांच्या दोन टोकांमध्ये दोन टिंबे: 2019..2021. जोडलेल्या पीडीएफचे नाव सापडते, आतला मजकूर नाही.

इंडेक्स नको म्हणून काही जण थेट ग्रेप (फायलींत शब्द शोधणारी आज्ञा) चालवतात. इंग्रजी मेलात ते बरेचदा निभावते, मराठीत नाही. देवनागरी मजकूर मेलमध्ये बहुधा बेस-64 किंवा कोटेड-प्रिंटेबल रूपात गुंडाळून जातो, त्यामुळे फाइलमध्ये ‘पावती’ हा शब्द त्या अक्षरांत नसतोच. ग्रेपला दिसतात फक्त रोमन अक्षरे आणि आकडे. मटमध्ये ‘थरो सर्च’ (मजकूर उलगडून मग शोधण्याची सेटिंग) बंद असेल तर तिथेही हेच होते.

याहून बारीक अडचण अर्ध्या र ची. ‘दुसऱ्या’ हा शब्द कोणी ऱ वापरून टाइप करतो, कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. नॉटमचमध्ये ‘दुस’ लिहून पुढे तारा (*) टाकला की दोन्ही हाती लागतात. विभक्तीचे प्रत्यय इंडेक्सला कळत नाहीत, तिथेही ताराच उपयोगी: ‘घर’ शोधल्यावर ‘घरी’ येत नाही, ‘घर*’ने येते.

निओमट नॉटमचसह बांधलेला असेल (‘निओमट -व्ही’च्या यादीत ‘+नॉटमच’ दिसते), तर निकाल आतच आभासी फोल्डर म्हणून उघडतो. साध्या मटमध्ये मेअरिक्स किंवा नॉटमच-मट निकालांचा एक फोल्डर तयार करून देतात. त्यात मूळ मेल नसतात, फक्त दुवे असतात. तिथे मेल पुसला तर दुवा जातो, मूळ मेल जागच्या जागी राहतो. जागा मोकळी झाली असे समजू नये.

निकालात दिसणारा मेल उघडत नसेल तर इंडेक्स शिळा झालेला असतो. मेलडिरमध्ये मेल वाचला की फाइल ‘न्यू’ (new) उपफोल्डरमधून ‘कर’मध्ये (cur) जाते आणि नावाच्या शेवटी ‘एस’ लागतो. जुना पत्ता मग खोटा ठरतो. ‘नॉटमच न्यू’ पुन्हा चालवावे. आणि मेल आहे हे ठाऊक असूनही निकालातच येत नसेल, तर त्याला ‘स्पॅम’ किंवा ‘डिलीटेड’ हा टॅग (नॉटमचमधली खूणचिठ्ठी) लागला आहे का ते बघावे. हे टॅग मूळ मांडणीतच शोधातून वगळलेले असतात. शोधात टॅगचे नाव घातले की मेल समोर येतो.

आपला,
एक वाचक