पहिल्या मॅरेथॉनच्या सरावाबाबत सूचना
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्यापैकी ज्यांनी मिळून पहिली मॅरेथॉन, म्हणजे पूर्ण ४२.१९५ किलोमीटर, धावण्याचे ठरविले आहे, त्यांचा सराव येत्या रविवारी पहाटे साडेपाच वाजता जळगावच्या मेहरूण तलावाकाठी सुरू होईल. खानदेशातले ऊन लवकर तापते, त्यामुळे वेळ कटाक्षाने पाळावी. आठवड्याचे अंतर एकदम न वाढविता हळूहळू वाढवावे, आणि लांब पल्ल्याची धाव इतक्या संथ गतीने घ्यावी की सोबत्याशी सहज बोलता यावे. वेगापेक्षा पायांना अंतराची सवय होणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये, ही कळकळीची विनंती. पाणी व मीठ-साखरेचे सरबत सोबत आणावे. नावे शनिवारपर्यंत गटावर कळवावीत.