"बोलू नका, लिहा" म्हणणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, आणि त्याची गरजही नाही. तुमच्यासमोर पाऊण तास जेमतेम दोन शब्द बोलून बसून राहिलेली मास्तरीण काही रोज येत नसेल.

आत आले तेव्हा माझ्या मुठीत रुमाल होता. स्वतःची लाळसुद्धा मी त्यात टिपून घ्यायचे, कारण गिळायची छातीच होत नव्हती. गिळलं, खोकले, जांभई आली, वर्गात जरा आवाज चढवला, की डाव्या टॉन्सिलच्या मागून सणक उठायची आणि थेट कानात शिरायची. फळ्यावर नख ओढलं की दात शिवशिवतात ना, ते शंभरपट करा आणि कानात बोट पोचत नाही इतक्या आत नेऊन ठेवा. कधी दहा सेकंद, कधी मिनिटभर. मग काहीच नाही, जणू झालंच नव्हतं. आणि पुढच्या घोटाला पुन्हा तेच.

"डॉक्टर, मला..." एवढंच बोलले आणि कळ आली. मी हात वर करून डोळे मिटले. उघडले तेव्हा तुमचं पॅड माझ्याकडे सरकवलेलं होतं, पेन वर आडवं ठेवलेलं, आणि वाईट अक्षरात तीन वाक्यं होती: "बोलू नका. लिहा. घाई नाही."

मी चार ओळी लिहिल्या. तुम्ही त्या वाचल्या, पॅड ओढून घेतलंत आणि उत्तरही लिहूनच दिलंत! तुमचा घसा ठणठणीत होता, मला ऐकू व्यवस्थित येत होतं, बाहेर खुर्च्या भरलेल्या होत्या. तुम्ही बोलला असतात तर निम्म्या वेळात उरकलं असतं. पण मी लिहायचं आणि तुम्ही वरून बोलायचं, हे तुम्ही होऊ दिलं नाहीत. शेवटपर्यंत आपण दोघं लिहीतच राहिलो. पुढचं काही केलं नसतंत तरी हे पत्र मी लिहिलंच असतं.

त्याआधीचं दीड वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते. पहिल्यांदा डावीकडची शेवटची दाढ गेली. ती धडधाकट होती, अजून डबीत ठेवलेली आहे. मग कान तपासून झाला. "कान स्वच्छ आहे," असं मला सांगण्यात आलं, जणू मी कान धुवत नाही अशी तक्रार घेऊन गेले होते. मग आला ताण. ज्याचं काही सापडत नाही त्याला ताण असतो. यांतल्या कुणाला आजार ओळखता आला नाही याचा मला राग नाही. चेहऱ्यात कळा मारणारं ट्रायजेमिनलचं दुखणं बरंच ऐकिवात असतं. माझं दुखणं त्याचं फार विरळा भावंड. राग याचा आहे की मी कळ सोसायला मध्येच थांबले की माझं सांगून संपलं असं समजून पुढचं नाव पुकारलं जायचं. दीड वर्षात एकदाही माझं वाक्य पूर्ण झालं नाही.

एक गोष्ट मी पॅडवर अगदी तळाला, बारीक अक्षरात लिहिली होती, कारण लाज वाटत होती. दोनदा जोराची कळ आली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी खाली कोसळले होते. हे आधी एकाला सांगितलं तर "घरच्यांचं लक्ष हवं असतं अशा वेळी," असं ऐकायला मिळालं होतं. तुम्ही त्या बारीक ओळीखाली दोन रेघा मारल्यात, नवं पान उलटलंत आणि चित्र काढायला लागलात.

ते चित्र माझ्याकडे आहे. कवटीच्या तळाला एक वेडंवाकडं भोक आणि त्यातून खाली उतरणाऱ्या तीन रेघा: ९, १०, ११. मेंदूच्या देठापासून निघालेल्या तीन नसा एकाच दारातून बाहेर पडतात, मानेतली मोठी शीरही तिथूनच. यातली नववी म्हणजे ग्लॉसोफॅरिंजिअल, ग्रीकमध्ये ग्लॉसा म्हणजे जीभ आणि फॅरिंक्स म्हणजे घसा. मराठी पुस्तकांत हिला जिव्हाग्रसनी म्हणतात. ती धमनी आणि शिरेच्या मधून उतरते, एका सडपातळ स्नायूला वळसा घालते आणि जिभेच्या मुळाशी पोचते. तो स्नायू स्टायलोफॅरिंजिअस. गिळताना घसा वर उचलून धरतो. एवढी लांब नस आणि तिच्या हुकमात स्नायू हा एकच, हे वाचून मला त्याही अवस्थेत हसू आलं होतं. बाकी तिचं बहुतेक काम ऐकून घेण्याचं. जिभेच्या मागच्या एक तृतीयांश भागाची चव आणि स्पर्श, टॉन्सिल, घशाची भिंत, सगळ्याच्या बातम्या तीच वर पोचवते. घशात काडी लागली की उमासा येतो, त्यावर तुम्ही लिहिलं होतंत: "बातमी ९, हुकूम १०."

मग तुम्ही त्या रेघेला सुरुवातीलाच एक फाटा काढून उलटा वर नेलात आणि "कान" असं लिहिलंत. कवटीतून बाहेर पडता पडता ही नस एक बारीक फांदी मधल्या कानात पाठवते. जेकबसन नावाच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. माझा कान स्वच्छच होता. दुखत होती ती त्याच्यापर्यंत आलेली फांदी! गंमत म्हणजे तीच वाट पुढे कानाखालच्या लाळग्रंथीपर्यंत जाते, गालगुंडात सुजते त्या. लाळेचा निरोप कानातून वळसा घालून का न्यावा, हे विचारायचं राहून गेलं.

चक्कर येऊन पडण्याचा उलगडा सगळ्यात शेवटी झाला. मानेत मोठी धमनी जिथे दोन फाट्यांत दुभंगते तिथे तिच्या भिंतीत रक्तदाब जोखणारी टोकं असतात, आणि शेजारीच रक्तातल्या प्राणवायूवर नजर ठेवणारा एक दाण्याएवढा पुंजका. दोघांच्या बातम्या नववीच नेते. या जागेचा श्वासाशी असलेला संबंध उलगडल्याबद्दल हेमान्स या बेल्जियन शास्त्रज्ञाला १९३८चं नोबेल मिळालं, हे मी नंतर वाचलं. वाचल्याशिवाय राहवतं कुठे. कळेचा लोंढा आला की नववीतला गोंगाट शेजारच्या दहावीपर्यंत पोचतो, आणि दहावी हृदयाला हळू चालायला सांगते. एखाद्याचं हृदय काही क्षण थांबतंही. तुम्ही लिहिलंत, "हे नाटक नव्हे. यासाठीच घाई." पहिल्या पानावर "घाई नाही" लिहिणाऱ्या माणसाने!

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग रुमाल लाळेऐवजी डोळ्यांना लावला.

पुढचं सगळं भराभर झालं. घशाची डावी बाजू बधिर केलीत आणि पाण्याचा ग्लास हातात दिलात. मी गिळलं. कळ आली नाही. माझ्या तोंडाकडे बघून तुम्ही घाईघाईने लिहिलंत, "हा उसना घोट आहे. औषध उतरलं की जाईल. पण आता नस पक्की सापडली." हृदयाचा आलेख, स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, ते सगळं इथे सांगत बसत नाही. स्कॅनमध्ये मेंदूच्या देठाजवळ एक रक्तवाहिनी नसेला घासताना दिसली, आणि गोळीने भागलं नाही तर दोघींच्या मध्ये मऊ गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया असते, एवढं मला कळलंय. सध्या गोळीवर भागतंय. गोळीमुळे पहिले काही दिवस मी भिंत धरून चालत होते, पण ते चालण्याचं दुखणं, गिळण्याचं नाही.

घरी येऊन मी या नसेची कुळकथा काढली, आमच्या धंद्याची खोडच ती. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या मोजणीत ही, दहावी आणि अकरावी मिळून एकच, सहावी जोडी धरलेली होती. तिघींना वेगळे आकडे मिळाले ते १७७८ साली, सोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने मेंदूच्या नसांच्या बारा जोड्या लावल्या तेव्हा. तिच्या दुखण्याचं वर्णन आलं १९१० मध्ये, आणि आज चालतं ते नाव, ग्लॉसोफॅरिंजिअल न्यूराल्जिया, १९२१ मध्ये. म्हणजे हिचं म्हणणं वेगळं काढून ऐकायला माणसांना शेकडो वर्षं लागली. माझं दीड वर्ष त्यापुढे काय, असं म्हणून मोठेपणा घ्यायचा विचार होता, पण डबीतली दाढ आठवते.

तुमच्यामुळे माझी एक सवय मोडली. वर्गात एखादं पोर उत्तर देताना अडखळलं की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकायचे. मदत म्हणून, असं मला वाटायचं. आता खडू खाली ठेवते आणि थांबते. एक मुलगी आहे, तिला "म्हणजे" या शब्दानंतर बराच वेळ लागतो. परवा तिने सबंध उत्तर दिलं, आणि ते मी पुरं केलं असतं त्याहून वेगळं होतं. चांगुलपणा वगैरे शब्द मी निबंधात पुष्कळ तपासलेत. तो दिसतो कसा, हे पंचविसेक वर्षं शिकवूनही मला सांगता आलं नसतं. तुमचं अक्षर मात्र खरंच वाईट आहे. "जेकबसन" मला दोन दिवस "जेवणास" वाटत होतं.

उठताना तुम्ही पान फाडून मला दिलंत. त्याच्या शेवटच्या ओळीचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, तेवढ्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला बसले. तुम्ही लिहिलं होतंत: "गोळी लागू पडली तर पाण्याचा पहिला घोट कसा गेला ते कळवा."

डॉक्टर, मंगळवारी सकाळी. गार पाणी, उभ्यानेच, सबंध ग्लास. आधी रुमाल शोधला होता, तो सापडला नाही, म्हणून तसंच प्यायले. गेलं.