सुपरनोव्हा दिसला, पण ओळखणार कोण?

संपादक महोदय,

चिलीतील रुबिन वेधशाळेची बातमी आपण पहिल्या पानावर छापलीत, याचे समाधान वाटले. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, हे सगळे बरोबर. पण 'आता सुपरनोव्हा आपोआप सापडणार' हे आपले शीर्षक वाचून माझ्यातला मास्तर जागा झाला.

सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट. अशा दुर्बिणीला मात्र सापडतो तो फक्त एक नवा ठिपका. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरची ४८ इंची दुर्बीण १९४८ पासून आहे. आता तिच्यावर झ्विकी या आकाश-सर्वेक्षण प्रकल्पाचा कॅमेरा बसवला असून तो एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश टिपतो, म्हणजे दोनशेहून अधिक पूर्णचंद्र मावतील एवढे. नव्या फोटोतून त्याच जागेचा जुना फोटो वजा करायचा आणि बाकी उरेल ते तपासायचे. या बाकीत लघुग्रह, रूपविकारी (तेज कमीजास्त होणारे) तारे, कॅमेऱ्यातले दोष असा गाळच जास्त. तो संगणक गाळतो. (हा प्रकल्प उभा करणारे श्रीनिवास कुलकर्णी आमच्या शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडात जन्मले. एवढ्या मोठ्या बातमीत त्यांच्यासाठी एक ओळ निघाली असती.)

गाळूनही जो ठिपका उरतो, तो सुपरनोव्हाच कशावरून? दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातला भडका असेल, नाही तर आपल्याच आकाशगंगेतला एखादा साधा नवतारा (ताऱ्याच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता भडका). खात्री वर्णपटच देतो, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड; तिच्यातल्या रेषांवरून मूलद्रव्ये ओळखतात. हायड्रोजनच्या रेषा दिसल्या तर दुसरा प्रकार. त्या नसून सिलिकॉनची ठळक रेषा असेल तर 'एक-ए', ज्यावरून विश्वाची अंतरे मोजतात. पालोमारवर हे काम शेजारची ६० इंची दुर्बीण करते. तिचा वर्णपटमापक मुद्दाम ढोबळ ठेवलेला आहे, बारीक रेषा त्यात पुसट होतात, पण प्रकार ठरवायला तेवढे पुरते. झ्विकी प्रकल्पाने दहा हजारांहून अधिक सुपरनोव्हांचे वर्गीकरण केले, त्यात या दुय्यम दुर्बिणीचा वाटा फार मोठा. तिचे छायाचित्र मात्र कुठे छापून येत नाही.

मे २०२३ मध्ये एम-१०१ दीर्घिकेतला सुपरनोव्हा जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने शोधला. त्याच रात्री कॅनरी बेटांवरच्या दोन मीटर दुर्बिणीने वर्णपट काढला, म्हणून स्फोटाआधी ताऱ्याने भोवती सोडलेल्या वायूच्या खुणा हाती लागल्या. त्या थोड्याच दिवसांत विरतात. आमच्या पोरांनी उसाच्या फडापलीकडच्या माळावरून आठ इंची दुर्बिणीतून तो पाहिला. ठिपकाच, पण रांग हलेना!

रुबिनला सापडणारे बहुतेक सुपरनोव्हा इतके मंद असतील की जगातल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणी जुंपल्या तरी प्रत्येकाचा वर्णपट निघणार नाही. मान्य. पण जवळच्या, तेजस्वी सुपरनोव्हांना हे कारण लागू नाही. चिलीत आणि कॅलिफोर्नियात दिवस असतो तेव्हा रात्र आपल्याकडे असते. लडाखमध्ये हानले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर आयआयटी मुंबईच्या सहभागातली ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे. ती प्रकाशमापन, म्हणजे तेज मोजण्याचे काम, उत्तम करते. तिथल्याच दोन मीटरच्या चंद्रा दुर्बिणीवर वर्णपटमापक आहे, पण तिचा वेळ अनेकांत वाटलेला. मग दीड मीटरची, ढोबळ वर्णपट काढणारी आणि याच एका कामाला वाहिलेली दुर्बीण आपण का उभारू नये? ती उभी राहीपर्यंत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवलीच्या दुर्बिणीवर, पावसाळा सोडून, अशा तातडीच्या वर्णपटांसाठी काही वेळ राखून ठेवता येईल का, हेही पाहावे.

आपल्याकडे मागणे छोटे आहे. पुढच्या सुपरनोव्हाची बातमी छापाल तेव्हा त्याचा वर्णपट कुठल्या दुर्बिणीने काढला, तेही छापा.

– एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक, जयसिंगपूर