इथेनॉलच्या हिशेबात सोयाबीनही धरा

महोदय,

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५-२६ वर आणले आणि ते गाठलेही. त्यामुळे तेलाच्या आयातीवरचे परकीय चलन वाचते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु इंधन खाणीऐवजी शेतातून काढायचे ठरले की त्याचा भार कोणत्या पिकावर आणि कोणाच्या घरावर पडतो, याचा हिशेब तितक्या तत्परतेने मांडला जात नाही.

२०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखरेची चिंता वाढली आणि ७ डिसेंबरला, ऐन गळीत हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई झाली. आठवडाभरात १७ लाख टन साखर इथेनॉलकडे वळवण्याच्या मर्यादेत ती शिथिल झाली खरी, पण कर्ज काढून आसवन्या उभारलेल्या कारखान्यांचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. उसाची जागा मक्याने घेतली. मका वधारला, एरवी तो निर्यात करणारा देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून आयात करू लागला, आणि कुक्कुटपालकांचा खाद्यखर्च वाढला. मका पिकवणाऱ्याला चार पैसे मिळाले, त्याबद्दल कुणाची तक्रार नसावी.

तक्रार आहे ती पुढच्या साखळीची. एक टन मक्यापासून इथेनॉल काढल्यावर सुमारे ३०० किलो प्रथिनयुक्त चोथा मागे राहतो. व्यापारी त्याला ‘डीडीजीएस’ म्हणतात. पशुखाद्यात तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. सोयाबीनमध्ये तेल असते जेमतेम १८ टक्के, बाकी मुख्यतः पेंडच. तेव्हा पेंडीला उठाव नसेल तर प्रक्रिया उद्योग सोयाबीनला भाव कशाला देईल? २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मराठवाड्यातील बाजार समित्यांत सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकले जात होते, आणि आडतदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओल दाखवीत त्यातूनही काही कापत होता. जागतिक बाजारातील मंदी आणि खाद्यतेलाची आयात हीदेखील याची कारणे आहेत, हे मान्य. पण त्या दोन्हींवर निदान चर्चा तरी होते. चोथ्याचा उल्लेख इथेनॉलच्या कौतुकात कुठे आढळत नाही.

इथेनॉल बंद करा, अशी मागणी कोरडवाहू शेतकरी करीत नाही. उसाला लागणारे पाणी पाहता धान्याधारित इथेनॉल त्याला उलट सोयीचे वाटावे. मात्र इथेनॉलचे पुरवठा वर्ष नोव्हेंबरात सुरू होते आणि खरिपाची पेरणी जून-जुलैमध्येच उरकलेली असते. येत्या वर्षी किती मका आणि सरकारी गोदामांतला किती तांदूळ आसवन्यांकडे जाणार, त्यातून किती चोथा बाजारात येणार आणि त्या प्रमाणात सोयाबीनची हमीभावाने खरेदी किती वाढवणार, हे केंद्राने पेरणीपूर्वी, म्हणजे मेअखेरपर्यंत, जाहीर करावे.

— एक सोयाबीन उत्पादक, औसा (जि. लातूर)