कोल्हा कुणाचा?

न्यूयॉर्क, रविवार

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

इथल्या लॉ कॉलेजांच्या अर्जासाठी लिहिलेला तुझा निबंध वाचला. ‘लहानपणापासून अन्यायाविरुद्ध लढण्याची इच्छा होती’ ही पहिलीच ओळ खोडून टाक. अगं, लहानपणी तू माझी कंपासपेटी पळवायचीस! अर्ज वाचणाऱ्यांना असली वाक्यं रोज शेकड्यांनी दिसतात. त्यापेक्षा आजोबांच्या बांधाचं लिही. तारखेला त्यांच्यासोबत तालुक्याला जायचीस, दुधाच्या पिशवीत सातबारा गुंडाळून. वकील बोलत काय होते ते आजोबांना कळायचं नाही, आणि घरी येताना एसटीत तू त्यांना ते समजावायचीस. तेवढंच लिही. दोन पानं पुरेत.

शिफारसपत्रांचं आत्ताच मनावर घे. सर म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ माझे म्हणाले होते. तसं करू नकोस. पत्र त्यांनीच लिहून थेट पाठवायचं असतं. त्यांच्या तासाला तू काय विचारलंस, कुठला प्रकल्प केलास, हे कागदावर लिहून त्यांना दे, म्हणजे त्यांनाही आठवेल. गुणपत्रिकांचंही तेच, त्या विद्यापीठाकडूनच एलसॅकला, म्हणजे लॉ कॉलेजांसाठी ही कागदपत्रं गोळा करणाऱ्या संस्थेला, जायला हव्यात. माझ्या वेळी खिडकीवरच्या माणसाने पाकीट बाबांच्या हातात दिलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाबांचे तीन हेलपाटे झाले, बिचारे एक शब्द बोलले नाहीत.

एलसॅटसाठी, म्हणजे प्रवेशपरीक्षेसाठी, माझी जुनी पुस्तकं वापरू नकोस. त्यातला कोड्यांचा विभाग ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकलाय. आता तर्क आणि उताऱ्यांचं वाचन, बस. गुण १२० ते १८० मध्ये मिळतात. आणि अर्ज शरदातच टाक. बऱ्याच ठिकाणी आलेल्या अर्जांवर निर्णय होत जातात, मुदतीपर्यंत थांबलीस तर जागा कमी उरतात.

इथे शिकवतात कसं, विचारलं होतंस. सर व्याख्यान देत नाहीत, नाव पुकारून उभं करतात. (खरं तर बसूनच बोलायचं, पण पोटात गोळा तोच.) पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला १८०५ चा न्यूयॉर्कचाच खटला आला. लाँग आयलंडवर पोस्ट नावाचा गृहस्थ शिकारी कुत्री घेऊन कोल्ह्यामागे लागला होता, तेवढ्यात पिअर्सनने मध्येच येऊन तो मारला आणि उचलून नेला. कोल्हा कुणाचा? मी ठासून सांगितलं, ज्याने मेहनत केली त्याचा. सर म्हणाले, मग नुसतं मागे धावलं की मालकी? उद्या दहा जण धावले तर? माझी दातखीळ बसली. न्यायालयाने पिअर्सनच्या बाजूने निकाल दिला: नुसता पाठलाग पुरेसा नाही, जनावर ताब्यात यायला हवं. एका न्यायाधीशाचं मत मात्र वेगळं होतं, आणि अजूनही मला तेच पटतं. आजोबांना विचार, त्यांचं काय म्हणणं आहे.

पैशांचं मात्र बाबांशी मोकळेपणाने बोल. कित्येक खासगी कॉलेजांची नुसती फी वर्षाला ७०,००० डॉलरच्या वर आहे, आणि जेडी, म्हणजे इथली कायद्याची पदवी, तीन वर्षांची. स्कॉलरशिप मिळाली नाही तर ‘बघू पुढे’ म्हणून कर्ज काढू नकोस. मी काढलंय, म्हणून सांगते.

सुधारलेला निबंध शुक्रवारपर्यंत पाठव. आणि आईला सांग, थालीपीठाची भाजणी संपली, पण कुरियर करू नको म्हणावं, डिसेंबरात मीच येतेय.

तुझी,
ताई