चिपच्या नावातलं एक अक्षर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. फोनवर आवाज बसलेला वाटला तो सर्दीमुळे, काळजी नको. बाबा, चुकीचा माल आला म्हणून माझ्या नोकरीवर काही येणार नाही. खरेदी माझ्याकडे नसते.

आमच्या बोर्डाचा प्रोग्रॅम चालवणारी चिप हवी होती एसटीएम३२एफ१०३सीबीटी६, आली एसटीएम३२एफ१०३सी८टी६. नावातला 'सी' म्हणजे ४८ पाय. पुढचं अक्षर फ्लॅश मेमरीचं, म्हणजे प्रोग्रॅम जिथे राहतो त्या जागेचं: ८ म्हणजे ६४ केबी, बी म्हणजे १२८. पाय अगदी तेच, त्यामुळे चिप बोर्डावर बिनतक्रार बसते आणि घोळ प्रोग्रॅम भरताना कळतो. कधी तेव्हाही कळत नाही! बऱ्याच सी८ मध्ये ६४ च्या पुढेही लिहिता येतं, टेबलावर बोर्ड चालूही होतो. पण त्या भागाची हमी कंपनी देत नाही. पाच बोर्ड चालले म्हणून हजार पाठवायचे, याला मी साफ नाही म्हटलं. प्रोग्रॅम पिळून ६४ मध्ये बसवता आला असता, पण मग पुढच्या अपडेटला जागा कुठली?

इथे एक सवय मात्र अजब. चिपची पिशवी फोडली की तिच्यावर लगेच वेळ लिहितात, आणि न लिहिणाऱ्याकडे असं बघतात की विचारू नका. चिपचं प्लॅस्टिक हवेतली ओल शोषतं. चिप बोर्डाला जोडायच्या भट्टीत तापमान २४० अंशांच्या पुढे जातं, तेव्हा त्या ओलीची वाफ होते आणि चिप आतून फाटते. या जातीला पिशवी फोडल्यापासून १६८ तास मिळतात. ते उलटले की भाजून सुकवायचं: ट्रेमधली १२५ अंशांवर, रिळावर टेपमध्ये गुंडाळून आलेली मात्र ४० वरच, नाहीतर टेपच वाकडी होते. म्हणून न फोडलेली रिळं परत जातील. फोडलेलं कोरड्या कपाटात ठेवलंय, लहान प्रोग्रॅमच्या बोर्डाला वापरू.

सीबी आली की बोर्ड, स्टेन्सिल (बोर्डावर सोल्डर लावायचा छिद्रांचा पत्रा) काही बदलायचं नाही. प्रोग्रॅमरला, म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या यंत्राला, मात्र आधी ०एक्स१एफएफएफएफ७ई० हा चिपमधला पत्ता वाचायला लावलाय; तिथे मेमरी किती ते लिहिलेलं असतं. १२८ दिसलं नाही तर तो थांबेल. आणि बीओएममध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या यादीत, नाव शेवटच्या अक्षरापर्यंत लिहायचं, 'किंवा समतुल्य' हे शब्द काढून.

पैसे नेहमीप्रमाणे पाठवलेत, ताईच्या लग्नासाठी थोडे जास्त. साखरपुड्याला जमत नाहीये. नवी चिप त्याच आठवड्यात येतेय, म्हणजे कारण खरं आहे, ताईला तसं सांगा. लग्नाची रजा मंजूर आहे. आई, माझ्या स्थळाचं तेव्हा बोलू, आत्ता कुणाला शब्द देऊ नकोस.

तुमचा,
धाकटा

ता. क. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.