पंचायतीतला डबा आणि वरची वाडी

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या तालुक्याला वेल्हे म्हणा की नवीन नावाने राजगड म्हणा, पुण्याहून माणूस दोन तासात इथे येतो, शनिवार-रविवारी तोरण्याखाली गाड्या लावायला जागा मिळत नाही, आणि तिथून पुढे एक-दोन खिंडी ओलांडल्या की मोबाइलचा उपयोग फक्त टॉर्च म्हणून. मी वायरमन आहे, आधी केबल टीव्हीचं काम करायचो, त्यामुळे डोंगरात वायर आणि डिश घेऊन फिरण्यात अर्धं आयुष्य गेलंय. टॉवर येणार टॉवर येणार ही बातमी दरवर्षी वाचतो. २०२२ ला केंद्राने नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांसाठी ४जी ची योजना मंजूर केली तेव्हाही वाचली होती. येऊ दे की, आम्ही काय नको म्हणतोय का. पण टॉवर लागणार मोठ्या गावात, आणि आमच्याकडे गाव म्हणजे खाली एक आणि वाड्या चार, त्याही डोंगराच्या पाठीमागे, कुठे तीस उंबरे कुठे बारा. सिग्नल काय डोंगर फोडून पलीकडे जात नाही. आणि बारा उंबऱ्यांसाठी दुसरा टॉवर लावायला कुठल्या कंपनीला वेड लागलंय?

म्हणून म्हणतो, खालच्या गावापर्यंत जी फायबर आलीय तिथून वाडीपर्यंत वायफायचा एक धागा वाडीच्या लोकांनाच ओढू द्या आणि तो त्यांनाच चालवू द्या. हे होतं, मी केलंय.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये केलं. माझं घर खाली, थोरला भाऊ वरच्या वाडीत. रस्त्याने अकरा किलोमीटर, पण सरळ हवेतून धरलं तर चार. आमच्या दोघांच्याच घराचं काम होतं, बाकी काही डोक्यात नव्हतं. दुपारी बारा वाजता भावाला सांगितलं की घरातला आरसा घे आणि ऊन माझ्या छपराकडे मार, आणि आरसा चमकला तशी माझी खात्री पटली की मधे काही आडवं येत नाही. मग ५ गिगाहर्ट्झवाले दोन रेडिओ आणले, पाच-सात हजाराला एक मिळतो, दिसायला प्लास्टिकच्या डब्यासारखा, एक माझ्या छपरावर आणि एक त्याच्या. ह्या लहरींना लायसन्स लागत नाही, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा सगळ्यांना मोकळा केलाय, पॉवरची मर्यादा पाळली म्हणजे झालं. संध्याकाळपर्यंत वहिनी मुंबईतल्या मुलाशी व्हिडिओवर बोलत होती आणि अर्धी वाडी ओटीवर.

जूनमध्ये बंद पडलं. तीन दिवस मी सेटिंगच बघत बसलो, केबल बदलली, रेडिओ काढून पुसून परत लावला, काही नाही. चौथ्या दिवशी पाऊस उघडला आणि छपरावर चढून बघतो तर मधल्या सोंडेवरचे ऐन, म्हणजे ती रानातली झाडं, हिरवेगार. मार्चमध्ये सगळे निष्पर्ण होते हो! आरशाचं ऊन फांद्यांतून आरपार आलं होतं, आता तिथे ओल्या पानांची भिंत. आणि नुसतं समोरचं दिसलं म्हणून भागत नाही हे पण मला तेव्हाच कळलं, चार किलोमीटरच्या लिंकला मध्यावर त्या सरळ रेषेच्या आजूबाजूला चारेक मीटर तरी मोकळं लागतं. झाड तोडायचा विचारही केला नाही, एकतर वनखातं आणि दुसरं म्हणजे ती झाडं आमच्या आधीची. मग वाडीतल्या पोरांनी देवळामागच्या माळावर पाइप उभा केला, रेडिओ घराऐवजी तिथे नेला, आणि चालू झालं ते आजपर्यंत चालू आहे.

पण माळावर लाईट कुठली. सोलर लावलं. एक रेडिओ आठ वॅट खातो, माळावरून देवळाकडे सोडायला दुसरा, म्हणजे सोळा वॅट चोवीस तास, दिवसाला चारशे युनिट नव्हे हां, चारशे वॅट-अवर, म्हणजे अर्धं युनिट पण नाही. दीडशे अॅम्पिअर-अवरच्या बॅटरीवर ऊन न येता दोन-सव्वादोन दिवस निघतात. आणि आमच्याकडे जुलैत सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. त्यामुळे पावसाळ्यात रात्री अकराला बंद आणि पहाटे पाचला चालू असा टायमर टाकलाय, कोणाची तक्रार नाही. एक रेडिओ वळवाच्या विजेने जळाला, तेव्हा मीठ-कोळसा घालून नीट अर्थिंग केलं, ते आधीच करायला हवं होतं, वायरमन असून केलं नाही ही माझी चूक. वानरं केबल ओढतात म्हणून ती लोखंडी पाइपातून घेतली. हिमाचलात धरमशाळेच्या डोंगरात एअरजल्दी नावाच्या संस्थेने वीस वर्षांपूर्वी असंच वायफायचं जाळं उभारलं, माकडांचा त्रास त्यांनाही झालाच होता म्हणे, तेव्हा आम्ही काय एकटे नाही.

आता याने होतं काय ते सांगतो कारण शहरातल्या लोकांना वाटतं की खेड्यात नेट म्हणजे रील बघायला. रील बघतातच, खोटं कशाला बोलू. पण ई-पीक पाहणी मोबाइलवरच करायची, रोजगार हमीची हजेरी अॅपवर फोटो काढून, अंगणवाडीताईंचं पोषण ट्रॅकर, रेशनला मशीनवर अंगठा, लाडक्या बहिणीची ई-केवायसी. सगळा कारभार नेटवर नेला आणि नेट मात्र खाली ठेवलं. केवायसीच्या वेळेला बायका ओटीपीसाठी खिंडीत जाऊन बसायच्या. वायफाय आल्यावर एक गोष्ट कळली ती इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो, वाडीत टॉवरची रेंज नसली तरी फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं तर बऱ्याच फोनवर ओटीपीचा मेसेज वायफायवरून येतो. जुन्या साध्या फोनवर नाही येत. मग एकाचं सिम दुसऱ्याच्या फोनात, असं चालतं.

आता खरी अडचण. हे सगळं माझ्या घरच्या कनेक्शनवर. भावाला दिलं तोवर ठीक, पण वाडीतले लोक म्हणायला लागले की आम्ही महिन्याला पन्नास-शंभर काढतो, आम्हालाही दे, आणि असं वाटून पैसे घेणं नियमात बसत नाही. मी माहिती काढली. पीएम-वाणी नावाची योजना आहे, २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेली, त्यात चहाच्या टपरीवाल्यालाही वायफाय विकता येतं, त्याला पीडीओ म्हणतात, त्याला लायसन्स नाही नोंदणी नाही फी नाही, फक्त असे बरेच पीडीओ सांभाळणारी जी नोंदणी असलेली कंपनी असते, पीडीओए म्हणतात तिला, तिच्याशी जोडून घ्यायचं आणि लोकांची ओळख-पैसे वगैरे त्यांचं अॅप बघतं. म्हटलं झालं की काम, बचत गटाच्या नावाने करू. एका कंपनीकडे गेलो, तर म्हणे घरगुती प्लॅनवर हे चालणार नाही, लीज्ड लाइन घ्या, म्हणजे ऑफिसं-कंपन्या घेतात ती स्वतंत्र महागडी लाइन, आणि आकडा असा सांगितला की वाडीतली सगळी भातं विकली तरी वर्ष निघणार नाही.

२०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत देशात १ कोटी वायफाय हॉटस्पॉट करायचे लिहिलं होतं, आपण त्याच्या आसपाससुद्धा नाही, आणि का नाही त्याचं मला वाटतं हे एक मोठं कारण. ट्रायला, म्हणजे फोन-नेटच्या कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेला, पण ते दिसलं असणार, कारण २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी आदेश काढला की पीडीओला २०० एमबीपीएसपर्यंतचं फायबर कनेक्शन घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यायचं, त्याच्या वर नाही. दुप्पट चालेल हो आम्हाला. पण काउंटरवरच्या माणसाला तो आदेश माहीत नाही, मी प्रिंट काढून नेली तर म्हणाला वरून मेल आलेला नाही. तुमच्यासारख्या पेपरने ह्यावर चार ओळी छापल्या तर निदान ती कात्रण घेऊन जाता येईल.

दुसरं, ग्रामपंचायतींपर्यंत सरकारी फायबर न्यायचं २०११ लाच ठरलं, भारतनेट म्हणतात ते. ओळखीच्या एका पंचायतीत तो डबा भिंतीवर आहे, दिवा बंद, बॅटरी फुगलेली, वर कॅलेंडर टांगलंय. त्या डब्यातून वाडीला कनेक्शन द्यायला कोणाची परवानगी लागते हे ग्रामसेवकालाही सांगता आलं नाही. पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या ग्राम मार्ग प्रकल्पाने हेच तर करून दाखवलं, गावापर्यंतचं नेट रेडिओने आजूबाजूच्या गावांना, पंचायतीला भागीदार धरून, आणि २०१७ ला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस पण मिळवलं. नेपाळात महावीर पुन या मास्तरांनी त्याच्याही आधी नांगी गावाला डोंगरावरून डोंगरावर रेडिओ लावून पोखऱ्याशी जोडलं, झाडावर अँटेना बांधून, २००७ ला मॅगसेसे मिळालं त्यांना. म्हणजे तंत्र नवीन नाही, अवघडही नाही, माझ्यासारख्या दहावी नापास माणसाला जमलं.

अवघड आहे ते नंतरचं. माळावर जुलैत चढणार कोण? पॅनेलवरची धूळ, खोक्यातली गांधील माशी, गंजलेला क्लॅम्प, तीन-चार वर्षांनी बॅटरी. योजनेत डबा बसवायचे पैसे असतात, चढणाऱ्याचे नसतात. वाडीतल्या दोन पोरांना मी शिकवलंय, त्यांना महिन्याला दोन-अडीच हजार जरी सुटले तरी ती पुण्याला वॉचमन म्हणून जाणार नाहीत, आणि तेवढे पैसे वाडी स्वतः काढायला तयार आहे, फक्त ते रीतसर घेता आले पाहिजेत.

आणि कोणी साहेब सर्वेला येणार असतील तर एक विनंती, मार्च-एप्रिलला येऊ नका. श्रावणात या, तेव्हा ऐन भरलेले असतात.

आपला,
एक वायरमन, वेल्हे, जि. पुणे